पंचांची तालीम

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वाडेगव्हाणचा फाटा लागतो आणि तेथून आत वळलेली सडक थोड्याच वेळात राळेगणसिद्धीस पोहोचते. पारनेर तालुक्यातील, पर्जन्यछायेत सापडलेल्या या गावी गेल्या चार दशकांत जेवढे अभ्यागत आले, तेवढे दुसऱ्या एखाद्या खेड्याच्या वाट्यास क्वचितच आले असतील. आणि त्यांतील बहुतेकांनी जे पाहिले व वहीत टिपून नेले ते नालाबांध, पाझर तलाव, डोंगरउतारावरचे चर आणि त्यांखाली हिरवी झालेली शिवारे. पाण्याविषयी प्रश्न विचारणे सोपे असते, कारण पाणी दिसते. परंतु अडविलेले पाणी कोणाच्या शेतास आधी मिळावे, चराईबंदी मोडून शेळ्या रानात सोडणाऱ्यास कोणी व कोणत्या अधिकाराने अडवावे, आणि ज्याला त्या बंदीमुळे तोटा सोसावा लागला त्याचे गाऱ्हाणे कोणापुढे मांडले जावे, हे प्रश्न बांधांच्याही आधीचे होत. आणि त्यांचा निकाल लावणाऱ्या माणसांना ही विद्या कोठे मिळाली, याची विचारपूस सहसा होत नाही. आज विद्यापीठांतील अध्यापकांना संवाद घडवून आणण्याचे व दुखावलेल्या संबंधांची डागडुजी करणाऱ्या न्यायाचे शिक्षण द्यावे असा विचार जगभर बळावत असताना, नगर जिल्ह्याच्या इतिहासाकडे त्या दृष्टीने पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

मराठेशाहीत गावचा कज्जा प्रथम गावच्या गोतापुढे जाई. पाटील, कुळकर्णी, चौगुला, मिरासदार आणि बलुतेदार मिळून गावची गोतसभा होई. कज्जा वतनाचा किंवा दोन गावांच्या शिवेचा असला तर परगण्याचे देशमुख-देशपांडे व सरकारचे अंमलदार हेही बसत. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर लिहिलेला आणि १९५३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने प्रसिद्ध केलेला इंग्रजी प्रबंध ज्यांनी चाळला असेल, त्यांच्या ध्यानी हे आल्यावाचून राहत नाही की, या सभांचे सामर्थ्य पंचांच्या साधुत्वात जेवढे होते त्याहून अधिक त्यांच्या रिवाजात होते. वादी आपली तकरीर, म्हणजे आपल्या बाजूचे निवेदन, लिहून देई, प्रतिवादी आपली देई. त्यानंतर दोघांकडून राजीनामा घेतला जाई, म्हणजे ही सभा आपणांस मान्य असून तिचा निवाडा आपण पाळू अशी लेखी कबुली. आणि ती पाळली जाईल याबद्दल जामीन. ही कबुली मिळाल्यावाचून सभा पुढे सरकत नसे. आपल्या गावचे गोत प्रतिपक्षास मिळाले आहे असा कोणास संशय असला, तर तो परस्थळ मागू शके, म्हणजे ज्या गावाशी कोणाचाच लागाबांधा नाही अशा गावी निवाडा व्हावा असा अर्ज करू शके. साक्षीदारास शपथेसाठी बेलभंडार उचलावयास लावीत, कृष्णेच्या पाण्यात उभे करून बोलावयास सांगत. सर्व ऐकून झाल्यावर जो महजर, म्हणजे निवाड्याचा लेख, होई त्यावर हाजिर मजालशीची, म्हणजे सभेस हजर असलेल्यांची, नावे पडत, आणि ज्यास अक्षर येत नसे तो आपल्या धंद्याच्या हत्याराची निशाणी करी. कुणब्याचा नांगर अशा शेकडो कागदांच्या तळाशी काढलेला आढळतो. शेवटी हरणारा पक्ष स्वहस्ते यजितखत लिहून देई की आपला वाद खोटा ठरला व पुन्हा तो उकरून काढणार नाही. जिंकणारा सरकारास हरकी ही नजर देई, हरणारा गुन्हेगारी हा दंड.

या क्रमाकडे जरा निरखून पाहावे. निकालाच्या आधी उभयतांची संमती, निकालाच्या नंतर त्याच्या पालनाची हमी, मध्यंतरी सर्वांच्या देखत बोलणे, आणि हरलेल्यानेही अखेर आपल्या हाताने काही लिहून समाजात परत येणे, या चार गोष्टी तेथे होत्या. यांतील एकही गोष्ट पंचाच्या जन्मजात शहाणपणावर विसंबलेली नाही. पाचामुखी परमेश्वर ही म्हण लोकांच्या तोंडी असली तरी परमेश्वराने पाचांच्या मुखी यावे यासाठी केवढी कागदपत्रांची सिद्धता करावी लागे, हे दप्तरे उलगडली म्हणजे समजते. या कामाची शाळा कोठे नव्हती. देवळाच्या सभामंडपात किंवा पारावर सभा बसली असता कडेला बसणाऱ्या पोराबाळांनी जे ऐकले, तीच त्यांची तालीम होती, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

तथापि त्या काळास सोन्याने मढविणे मला मंजूर नाही. पुरावा परस्परविरोधी निघाला की दिव्य करविले जाई आणि तापलेले लोखंड हाताळून किंवा उकळत्या तेलात हात घालून माणसाचा खरेखोटेपणा ठरे. महाराची निशाणी महजरावर येई, शिवेच्या तंट्यात तर त्याच्या साक्षीवाचून भागत नसे. परंतु ज्या व्यवस्थेने त्याला गावकुसाबाहेर ठेवले होते तिच्याविरुद्ध तकरीर घेण्याची कोणत्याही गोतसभेस बुद्धी झाली नाही. स्त्रियांची स्थिती याहून निराळी नव्हती. समेट हा ज्या क्षणी दुर्बळाने गप्प बसण्याचे दुसरे नाव होतो, त्या क्षणी तो न्याय राहत नाही. आणि जातपंचायतींनी वाळीत टाकण्याच्या शस्त्राने माणसांची जी दुर्दशा केली, तिचा बंदोबस्त करण्यासाठी महाराष्ट्रास २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला, हे विसरून पंचांचे गोडवे गाणे शोभणारे नाही.

पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कमिशनर झालेल्या मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतीचे दोष दाखविले आणि तरीही ती टिकवावी असे मत दिले. पण टिकली नाही. दिवाणी अदालत उघडल्यावर, ज्याच्यापाशी कागद होता त्याला पंचांपुढे जाण्याचे प्रयोजनच उरले नाही. कागद सावकारापाशी होता. कुणबी समन्सास हजर राहत नसे, एकतर्फी हुकूमनामा होई, आणि जप्तीचा बेलीफ दारात उभा राही तेव्हाच त्याला आपल्यावर फिर्याद झाली होती हे कळे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध जो उद्रेक झाला आणि पुढे नगर जिल्ह्यातील ज्या तालुक्यांत पसरला त्यांत पारनेर होते. दंगेखोरांचे वर्तन मोठे बोलके होते: त्यांनी सावकारांच्या जिवावर उठण्याचे बहुधा टाळले, खते व रोखे मागून घेतले आणि जाळले. ज्या कागदाने बोलणे बंद पाडले होते त्या कागदावरच त्यांचा राग होता, असे मला वाटते.

चौकशी कमिशन बसले आणि त्याच्या पाठोपाठ १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, नगर, सोलापूर व सातारा या चार जिल्ह्यांस लागू झाला. या कायद्याची आठवण कर्जाच्या हिशोबात खोल शिरण्याच्या न्यायाधीशास दिलेल्या अधिकारासाठी काढली जाते. त्यात सलोखा घडवून आणणाऱ्या मध्यस्थांचे एक प्रकरण होते याची आठवण सहसा कोणी काढीत नाही. फिर्याद दाखल करण्यापूर्वी सावकाराने मध्यस्थापुढे जावे, त्याने दोघांना समोरासमोर बसवून तडजोडीचा यत्न करावा, आणि तो फसला तरच दाखला द्यावा, असा तो बेत होता. उद्देश उत्तम, आणि न्यायमूर्ती रानड्यांसारखा पुरुष या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या न्यायाधीशांत होता. परंतु गोतसभेत जी गोष्ट रिवाजाने सांभाळली होती ती येथे निसटली. मध्यस्थापुढे झालेला करार अदालतीत दाखल होऊन हुकूमनाम्याचे बळ पावत असल्याने, अडाणी ऋणकोकडून तेथेच कबुली लिहवून घेणे सावकारास अधिकच सोयीचे झाले. मध्यस्थ म्हणून नेमलेल्या गृहस्थांस, दोन असमान माणसांचे बोलणे समपातळीवर कसे आणावे, हे कोणी शिकविले नव्हते. त्यांस एक सनद दिली होती आणि कोरे दाखले दिले होते. शंभर वर्षांनी काढलेल्या कित्येक समित्यांची कुंडली याच कागदांत मांडलेली दिसते. पुण्यात सार्वजनिक काकांच्या पुढाकाराने निघालेल्या लवाद कोर्टांनी याच सुमारास थोडा निराळा प्रयत्न केला, पण तो शहरापुरता व अल्पकाळ टिकला.

आता राळेगणाकडे वळतो. १९७५ साली सैन्यातील नोकरी सोडून किसन बाबुराव ऊर्फ अण्णा हजारे गावी परतले तेव्हा गाव दुष्काळाने, कर्जाने आणि दारूच्या भट्ट्यांनी पोखरलेले होते. त्यांनी आपल्या भविष्यनिर्वाह निधीतून यादवबाबांच्या देवळाचा जीर्णोद्धार केला आणि त्या देवळातच गाव पुन्हा एकत्र बसू लागले. भट्ट्या बंद करण्याची शपथ तेथेच घेतली गेली आणि बहुतेक भट्टीवाल्यांनी ती पाळली. येथवर सारे सुंदर आहे. परंतु समजावूनही पिणाऱ्यास खांबाला बांधून, प्रसंगी अण्णांनी स्वतः आपल्या लष्करी पट्ट्याने, मारल्याच्या घटना याच इतिहासात आहेत, त्या त्यांनी कधी लपविल्या नाहीत, आणि आई आजारी लेकरास कडू औषध पाजते या न्यायाने त्यांचे समर्थनही केले. मला हे समर्थन पटत नाही. बांधलेल्या माणसाच्या दुःखात भर पडली. त्याच्या बायकोच्या गेलेल्या पैशाची भरपाई त्याने झाली नाही. आणि त्याची तकरीर घेण्याची सभा कोठेच बसली नाही. गोतसभेने निदान राजीनामा घेतला असता.

तथापि त्याच गावात, त्याच माणसांच्या हातून, अगदी उलट जातीच्या दोन गोष्टी घडल्या, आणि खांबाची कहाणी सांगताना लोक त्या वगळतात याचे मला वैषम्य वाटते. पहिली दलित कुटुंबांच्या कर्जाची. ही कुटुंबे बँकेच्या कर्जात बुडाली होती आणि जमीन असूनही ती पिकविण्याचे बळ त्यांस नव्हते. गावाने श्रमदानाने त्यांच्या जमिनी कसल्या आणि पिकाच्या उत्पन्नातून कर्ज फेडले. गावच्या सामुदायिक विवाहात त्यांची लग्ने लागू लागली. शतकानुशतकांच्या अपराधापुढे हे काम लहान आहे, आणि ते वरिष्ठ जातींच्या पुढाकाराने व त्यांच्याच अटींवर झाले, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला आहे तो खोटा नाही. तरी पण आपल्या पूर्वजांनी ज्यांना बाहेर ठेवले त्यांच्या शेतात जाऊन औत धरणे ही भरपाईची भाषा आहे, शिक्षेची नव्हे. दुसरी गोष्ट शाळेची. तेथील संत निळोबाराय विद्यालय, ज्याचे नाव जवळच्या पिंपळनेरास समाधी असलेल्या तुकोबांच्या शिष्यावरून ठेविले आहे, इतर शाळा गुणवंतांची निवड करीत असता नापास झालेल्या व नाकारलेल्या मुलांस आवर्जून प्रवेश देऊ लागले. गावाबाहेरून अशी मुले आली, वसतिगृहात राहिली आणि शिकली. जो एकदा बाद ठरला त्यास पुन्हा कसे घ्यावे, हा प्रश्न प्रत्येक न्यायपद्धतीचा अखेरचा प्रश्न असतो, आणि येथे तो एका मास्तरांच्या खोलीत सुटत होता.

शासनाने या धड्याचे काय केले, ते थोडक्यात सांगतो. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात न्यायपंचायतींची तरतूद होती. त्या निघाल्या, निर्जीव झाल्या आणि काढून टाकण्यात आल्या. १५ ऑगस्ट २००७ पासून, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती नेमावी, पोलीस पाटलाने निमंत्रक व्हावे, दिवाणी, महसुली आणि कायद्याने तडजोडीस पात्र असलेले फौजदारी तंटे सामोपचाराने मिटवावेत आणि चांगले काम करणाऱ्या गावास लोकसंख्येनुसार रोख पुरस्कार मिळावा, अशी तिची रचना. हजारो गावांत समित्या झाल्या, वर्षानुवर्षे पडून असलेले बांधांचे वाद खरोखर मिटले, याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. दोष असला तर तो गुणांकनात होता. मिटलेल्या तंट्यांची मोजणी होते, त्यामुळे तंटा मिटला पाहिजे अशी घाई होते, आणि घाईत जो आधीच दबलेला असतो तोच अधिक दबतो. विशेषतः घरातल्या मारहाणीची गाऱ्हाणी घेऊन आलेल्या स्त्रीस समितीने कितीदा नांदावयास परत पाठविले असेल, याचा जमाखर्च पुरस्काराच्या तक्त्यात येत नाही.

प्राध्यापक या कथेत कोठून आले, ते आता पाहावे. विनोबांनी १९६८ साली बिहारात आचार्यकुलाची कल्पना मांडली तिचा गाभा असा होता की, शिक्षकांनी पक्ष व सत्ता यांपासून अलिप्त राहून समाजातील कलहांत निष्पक्ष मत द्यावे, म्हणजे पोलिसाच्या दंडुक्याचे काम कमी होईल. कल्पना उदात्त होती आणि अशा बहुतेक कल्पनांप्रमाणे ती ठरावांतच राहिली, कारण निष्पक्षता ही वृत्ती असली तरी निष्पक्षपणे सभा चालविणे हे कसब आहे. पुढच्याच वर्षी, गांधींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिचे कार्यक्रम अधिकारी म्हणून कॉलेजातील अध्यापकच नेमले जात, आणि त्यांच्या प्रशिक्षणाचे एक केंद्र डॉ. भा. पां. हिवाळे यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेल्या अहमदनगर कॉलेजात चालत आले. म्हणजे महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतील वाणिज्याचा किंवा रसायनशास्त्राचा अध्यापक गावाशी कसे बोलावे हे शिकण्यासाठी ज्या शहरी येई, तेथून राळेगण आणि तसेच पाणी अडविणारे हिवरे बाजार ही दोन्ही गावे फार दूर नव्हती.

बाहेरच्या जगात हीच वाट दुसऱ्या टोकाकडून चालली जात होती. कॅनडातील किचनर शहरानजीकच्या एल्मिरा गावी १९७४ साली दोन तरुणांनी दारूच्या नशेत २२ ठिकाणी नासधूस केली; परिवीक्षा अधिकाऱ्याच्या सूचनेवरून न्यायाधीशांनी त्यांना प्रत्येक घरी जाऊन घरमालकांस भेटावयास आणि नुकसान भरून द्यावयास लावले. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात, माओरी लोकांच्या रीतीस अनुसरून, अल्पवयीन अपराध्याच्या प्रकरणी दोन्हीकडची कुटुंबे एकत्र बसविण्याची तजवीज केली. हॉवर्ड झेर यांनी या विचारास शास्त्राचे रूप दिले: कोणता कायदा मोडला हे विचारण्याआधी कोणास इजा झाली, त्याची गरज काय आणि ती पुरविण्याचे दायित्व कोणावर, हे विचारावे. पुढे अमेरिकेतील विद्यापीठांनी वसतिगृहांतील भांडणांस व शिस्तभंगास हीच पद्धत लावली आणि ती चालविण्यासाठी अध्यापकांची शिबिरे भरविली.

अशा शिबिरांत जे शिकवितात ते ऐकून आपल्याकडचा अध्यापक प्रथम खट्टू होतो, कारण त्यात व्याख्यान देण्यास वाव नसतो. वर्तुळाकार बसावे, एक बोलत असता इतरांनी थांबावे, सभेपूर्वी दोन्ही पक्षांस स्वतंत्र भेटून ते स्वखुशीने येत आहेत याची खात्री करावी, प्रमुखाने मत देऊ नये, प्रश्न विचारावेत, आणि तेही 'का केलेस' असे न विचारता 'काय झाले, कोणावर काय गुदरले' असे विचारावेत, अखेरीस ठरलेले लिहून काढावे आणि पाळले जाते की नाही हे पाहण्यास एक माणूस नेमावा. पन्नास मिनिटे अखंड बोलण्याची ज्यास सवय, त्यास पाच मिनिटे गप्प बसणे हे कठीण तप आहे. परंतु यांत राजीनामा आहे, तकरीर आहे, हाजिर मजालस आहे, जामीन आहे. परस्थळही आहे, कारण आपल्याच विभागातील तंट्यात अध्यापकाने मध्यस्थ होऊ नये हा तेथील पहिला दंडक असतो.

आपल्या महाविद्यालयांचा कायदा मात्र खांबाच्या पक्षाचा राहिला. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा दोषी विद्यार्थ्यास कारावास व दंड देतो आणि पाच वर्षे कोणत्याही संस्थेचा दरवाजा त्यास बंद करतो. छळाची जी प्रकरणे उघडकीस आली ती पाहता हा कायदा कठोर आहे अशी तक्रार मी करणार नाही, आणि जेथे एकाच्या मुठीत दुसऱ्याचा जीव आहे तेथे वर्तुळ करून बसविणे हा दुसऱ्याचा दुसऱ्यांदा छळ होय, हेही मान्य करीन. पण खोलीतल्या चोरीपासून जातीवरून मारलेल्या टोमण्यापर्यंत शेकडो प्रकरणे या कायद्याच्या अलीकडे राहतात. त्यांत आज एक तर प्राचार्यांच्या खोलीत दम दिला जातो, नाही तर माफीनामा लिहवून फाइलीत लावला जातो. ज्यास दुखविले तो या दोन्ही प्रसंगी दाराबाहेर उभा असतो.

म्हणून प्रशिक्षण हवे हे खरे. अडचण ते टिकविण्याची आहे. गोतसभेचा पाटील वतनदार होता. आज केलेल्या निवाड्याचे बरेवाईट वीस वर्षांनी त्याच्याच पारावर परत येई, आणि म्हणूनच तो जामीन काळजीपूर्वक घेई. सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याची मुदत तीन वर्षांची, फार तर आणखी एक. पहिले वर्ष शिबिरात व नोंदवह्या समजण्यात जाते, दुसऱ्यात मुले त्याच्यापाशी मोकळेपणी बोलू लागतात, तिसऱ्याच्या अखेरीस पदभार दुसऱ्या सहकाऱ्याकडे जातो. त्या नव्या सहकाऱ्यास कपाटाची किल्ली मिळते, हजेरीपट मिळतो, खर्चाची प्रमाणके मिळतात. कोणत्या दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांस काय लिहून दिले होते आणि ते पाळले गेले की नाही, हे त्या कपाटात ठेवण्याचा रिवाज अजून पडलेला नाही.